एका आयतीचा अभ्यासक्रम: लहान मुलांना घर, नाती आणि मोहल्ला शिकवताना

रविवारी सकाळी आमच्या पडवीत चार ते आठ वर्षांची चौदा-पंधरा मुलं जमतात. नूरानी कायदा (अरबी वाचनाचं पहिलं पुस्तक) आणि कुरआन शिकायला ती रोज मकतबात, म्हणजे मुलांच्या धार्मिक शाळेत, जातातच. माझ्याकडे येतात ती अखलाकसाठी, म्हणजे माणसांशी कसं वागायचं ते शिकायला. मोहल्ल्यात लग्न होऊन आलेल्या मुली, पहिलं मूल नुकतंच शाळेत घातलेले बाप, आपल्या गावी असाच वर्ग काढू पाहणाऱ्या आपा (ताई), सगळे मला एकच विचारतात: सुरुवात कुठून करायची? त्यांच्यासाठी हे लिहितेय.

सुरुवात कुरआननंच करून दिली आहे. सूरह निसाची, म्हणजे कुरआनच्या 'निसा' या अध्यायाची, ३६ वी आयत (वचन) उघडा. एका अल्लाहची इबादत करा, त्याच्यासोबत कुणाला भागीदार करू नका, एवढं सांगून ती आयत लगेच माणसांकडे वळते. आईवडील, नातेवाईक, अनाथ, गरजू, जवळचा शेजारी, लांबचा शेजारी, बाजूला बसलेला सोबती, वाटसरू आणि शेवटी हाताखालची माणसं, या सगळ्यांशी भलेपणानं वागा, असं ती सांगते. क्रम बघा. स्वयंपाकघरातून निघून ओट्यावर, ओट्यावरून गल्लीत आणि गल्लीतून रस्त्यावर. चार वर्षांच्या मुलाचं जगही याच क्रमानं मोठं होत जातं. म्हणून मी वेगळा अभ्यासक्रम केला नाही, हीच आयत वर्षभर पुरवते.

सुरू करण्याआधी काही गोष्टी ठरवून टाका. पहिली भाषेची. दुआ अरबीत पाठ होऊ द्या, पण अर्थ मुलाच्या घरच्या बोलीत सांगा. मराठी असो, कोकणी असो की दखनी. ज्या बोलीत मूल रडतं, त्याच बोलीत त्याला अर्थ पोचतो. दुसरी वेळेची. बोलणं दहा मिनिटं, त्याहून जास्त नको, आणि नंतर हातानं करायचं काहीतरी काम. तिसरी म्हणजे घाई नको. एका विषयाला तीन-चार आठवडे द्या. आणि जहन्नमची (नरकाची) भीती घालून यातलं काहीही शिकवू नका. भीतीनं मूल सलाम करेल, पण डोळे खाली घालून.

पहिलं पाऊल: सलाम, आणि तो आपण आधी करायचा

वाटेत मुलं दिसली की प्यारे नबी, म्हणजे पैगंबर मुहम्मद (स.), स्वतः त्यांना सलाम करायचे, असं त्यांचे सोबती हजरत अनस (र.) यांनी सांगितलंय. (नावांपुढची स., र., अ. ही आदराच्या दुआंची लघुरूपं.) आपल्याकडे उलटं चालतं. पाहुणे आले की मुलाला पुढं ढकलायचं आणि सगळ्यांसमोर "सलाम कर ना, सलाम कर" म्हणून त्याच्या मागं लागायचं. लाजरं मूल आणखीच आईच्या ओढणीत शिरतं. लहानानं मोठ्याला सलाम करावा हा अदब आहेच, तोही शिकवायचा आहे. पण पहिले दोन आठवडे तुम्हीच करा. मूल झोपेतून उठलं की, शाळेतून आलं की, दुकानातून परतल्यावर दारातच. तिसऱ्या आठवड्यात ते तुमच्या आधी बोलतं.

दुसरं पाऊल: आईवडील, आणि 'उफ्' हा शब्द

सूरह बनी इस्राईलची २३ वी आयत सांगते की आईवडिलांपैकी एक किंवा दोघं तुमच्याजवळ म्हातारे झाले, तर त्यांना 'उफ्'सुद्धा म्हणू नका. मुलांना हा शब्द फार आवडतो, कारण तो त्यांना चांगला ओळखीचा असतो. मी त्यांना विचारते, आपल्या घरी उफ् कसा येतो? मग एकेक नमुना बाहेर पडतो. कुणी खांदे उडवतं, कुणी "काय कटकट आहे" म्हणतं, कुणी जीभ टाळूला लावून 'च्च' करतं. एका सहा वर्षांच्या मुलीनं काही न बोलता चप्पल काढून भिंतीवर आपटली. "हा पण उफ्च ना आपा?" होय, तोही उफ्च. शब्द न काढताही उफ् करता येतो, हे मला त्या दिवशी तिनं शिकवलं.

पुढची २४ वी आयत दुआ देते: रब्बिर्हम्हुमा कमा रब्बयानी सगीरा. अर्थ असा की, हे रब, मी लहान असताना यांनी मला जसं वाढवलं, तशी तू यांच्यावर दया कर. अर्थ सांगताना मुलाचा बाळपणीचा एखादा कपडा हातात द्या. टोपडं, दुपटं, काहीही. आपण एवढे लहान होतो हे मुलांना खरंच वाटत नाही. टोपडं डोक्यावर बसत नाही हे पाहिलं की 'सगीरा'चा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

आईचा हक्क सांगताना ती हदीस (नबींच्या बोलण्या-वागण्याची नोंद) घ्या, ज्यात एका माणसानं विचारलं की माझ्या चांगल्या वागण्याचा सर्वांत जास्त हक्कदार कोण. तीनदा उत्तर आलं, "तुझी आई", चौथ्यांदा "तुझे वडील". मुलं हे बोटांवर मोजतात.

पण इथे थांबलात तर धडा एकतर्फी होईल. ही आयत म्हाताऱ्या आईवडिलांबद्दल आहे, म्हणजे ती आधी तुमच्यामाझ्यासाठी आहे. मूल आयत ऐकतं तुमच्याकडून आणि तिचा अर्थ लावतं तुम्ही दादीशी कसं बोलता त्यावरून. दादीनं चौथ्यांदा तोच प्रश्न विचारला, की त्या क्षणी घरात वर्ग चालू आहे असं समजा.

मोठ्यांनी लहानांना काय द्यायचं हेही मुलांना कळायला हवं. प्यारे नबींनी (स.) नातू हसन (र.) यांचा मुका घेतला, तेव्हा अक्रा बिन हाबिस नावाचे सरदार म्हणाले, मला दहा मुलं आहेत, मी कधी एकाचाही मुका घेतला नाही. उत्तर मिळालं: जो दया करत नाही, त्याच्यावर दया केली जात नाही. ही गोष्ट मी बापांना बोलावून मुलांसमोर सांगते.

घरकामही याच पाठात घ्या, मुलगा-मुलगी भेद न करता. नबींच्या पत्नी हजरत आयशा (र.) यांना कुणी विचारलं, नबी (स.) घरात काय करायचे? त्या म्हणाल्या, घरच्यांच्या कामात असायचे, आणि नमाजची वेळ झाली की निघायचे. मग पाच वर्षांच्या मुलानं स्वतःचं ताट मोरीपर्यंत नेलं, तर त्यात बायकी काही नाही. ती सुन्नत, म्हणजे नबींची रीत, आहे, असं त्याला तसंच सांगा.

तिसरं पाऊल: नाती, आणि माझी एक चूक

सुरुवातीच्या वर्षी मी कुटुंबाचं चित्र छापून आणलं होतं. झाडाच्या बुंध्यावर दोन चौकोन, एकात 'अम्मी' आणि एकात 'अब्बा', वर आजी-आजोबा, फांद्यांवर भावंडं. सगळी रंगवायला बसली. एक मुलगा मात्र तीनदा पाणी प्यायला उठला. त्याचा कागद पाहिला तेव्हा एक चौकोन इतका गिरवला होता की कागद फाटला होता. त्याचे वडील आदल्या वर्षी वारले होते. मला ते माहीत होतं, आणि तरी मी तो कागद त्याच्या हातात दिला होता.

त्यानंतर छापील चित्र बंद केलं. आता कोरा कागद देते आणि सांगते, तुला जे सांभाळतात त्यांना काढ. कुणी नानी काढतं, कुणी मोठी बहीण, एकीनं मामू आणि त्याची रिक्षा काढली. चित्र सुरू करण्याआधी प्यारे नबींचं (स.) बाळपण सांगते. वडील अब्दुल्लाह त्यांच्या जन्माआधीच गेलेले. सुरुवातीला दूध पाजून सांभाळलं दाई हलीमा यांनी. सहाव्या वर्षी आई आमिना गेल्या. मग आजोबा अब्दुल मुत्तलिब, आणि आठव्या वर्षी तेही गेल्यावर काका अबू तालिब. म्हणजे सगळ्या उम्मतचे (मुसलमान समाजाचे) नबी ज्या घरांत वाढले, त्यातलं एकही त्या छापील झाडात बसलं नसतं. ज्या मुलाच्या घरी कुणी कमी आहे, त्याला हे ऐकताना मी पाहिलंय. तो सरळ होऊन बसतो.

आयतीतले अनाथ आणि गरजू मी इथेच घेते, पण वर्गातल्या कुणाकडेही बोट न दाखवता. अनाथाला सांभाळणारा आणि मी जन्नतमध्ये असे असू, असं म्हणून नबींनी (स.) तर्जनी आणि मधलं बोट दाखवलं होतं. मुलं ती दोन बोटं लगेच करून दाखवतात.

नात्याला अरबीत रहिम म्हणतात, आईचं गर्भाशय हाच त्या शब्दाचा मूळ अर्थ. 'रहमान'ही त्याच धातूतून येतो. आठ वर्षांच्या मुलांना हे समजतं, चार वर्षांच्यांना नको. लहानांसाठी फोन पुरे. दर जुम्म्याला (शुक्रवारी) एका नातेवाइकाला फोन लावायचा, आणि मुलानंच दोन प्रश्न विचारायचे. "आज काय रांधलं?" हा प्रश्न कधी वाया जात नाही.

आमच्याकडे कोकणात कितीतरी बाप दुबई-कुवेतला आहेत. ती मुलं रोज व्हिडिओ कॉलवर "अस्सलामु अलैकुम पप्पा, कसे आहात, काय आणणार" एवढंच म्हणून फोन आईकडे देतात. बापांना माझं सांगणं आहे, तुमची खोली दाखवा. वर-खाली लावलेले पलंग, कपडे वाळत घातलेली दोरी, सोबत राहणारा केरळचा किंवा पाकिस्तानचा भाऊ. तुम्ही तिथं कसे राहता हे मुलाला ठाऊक असलं, तर ते दुआमध्ये तुमचं नाव वेगळ्या आवाजात घेतं.

आणि मूल कधीतरी विचारतंच: आपण फुफीकडे (आत्याकडे) का जात नाही? जमिनीच्या वाटणीवरून बोलणं बंद झालेली घरं आपल्या प्रत्येकाच्या माहितीतली आहेत. मुलाला भांडणाचा इतिहास सांगू नका, खोटंही बोलू नका. "आमच्यात रुसवा झालाय, तो मिटावा म्हणून दुआ कर" एवढं म्हणा. तोडलेलं नातं जो जोडतो तोच खरा नातं जोडणारा, जशास तसं वागणारा नव्हे, ही सहीह बुखारी या हदीसांच्या संग्रहातली हदीस आहे. ईदला मुलाचा हात धरून तुम्ही त्या दारात उभे राहिलात, तर मला वर्षभर शिकवून जमलं नसतं ते त्या दारात होईल.

चौथं पाऊल: शेजारी

या पाठाला मी सर्वांत जास्त वेळ देते, रमजानच्या आधीचे दोन महिने.

पहिल्या रविवारी मुलांनी फक्त दारं मोजून यायचं. उजवीकडची तीन, डावीकडची तीन. आत कोण राहतं, नावं काय, घरात म्हातारं कोण, बाळ कुठे आहे. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या मुलांना हे जड जातं आणि म्हणून त्यांच्याकडून आवर्जून करून घ्यावं. जिब्रील (अ.) या फरिश्त्यानं शेजाऱ्याबद्दल इतकं बजावलं, की आता त्याला वारसाहक्कही मिळतो की काय असं मला वाटलं, असं नबी (स.) म्हणाले आहेत. ज्याचं नावच माहीत नाही, त्याचा हक्क काय देणार?

दुसऱ्या रविवारी रस्सा. सोबती हजरत अबू जर (र.) यांना नबींनी (स.) सांगितलं होतं: रस्सा करशील तेव्हा पाणी वाढव आणि शेजाऱ्यांची आठवण ठेव. मी चुलीवर डाळ ठेवते आणि मुलांदेखत त्यात तांब्याभर पाणी घालते. आपल्याकडे खूप असेल तेव्हा द्यायचं असं नाही, आहे त्यात पाणी वाढवून द्यायचं. हे मुलांना पातेल्यातली पातळी वर चढताना दिसतं.

तिसऱ्या रविवारी ताट नेणं. मुलाच्या हाती झाकलेलं छोटं ताट द्या, वर विणलेला रुमाल. तुम्ही चार पावलं मागं राहा. बेल त्यानं वाजवायची, बोलायचंही त्यानंच: "अम्मीनं पाठवलंय." पाच वर्षांचं मूल दोन्ही हातांत ताट धरून, नजर रुमालावर ठेवून, पाऊल मोजत चालतं तेव्हा ते इतकं गंभीर असतं की मध्ये बोलायचं धाडस होत नाही. सांडलं तर सांडू द्या. कुणाला द्यायचं हा प्रश्न मुलं विचारतात. हजरत आयशा (र.) यांनीही तोच विचारला होता, दोन शेजारी आहेत, भेट कुणाला पाठवू? ज्याचं दार तुझ्या दाराला जवळ, त्याला.

आणि जवळचं दार मुसलमानाचंच असेल असं नाही. नबींचे आणखी एक सोबती हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (र.) यांच्या घरी बकरी कापली गेली, तेव्हा ते पुन्हा पुन्हा विचारत होते, आपल्या यहुदी शेजाऱ्याला पाठवलं का? आमच्या बाजूला वैद्यांचं घर आहे, शाकाहारी. म्हणून तिथं सांदन जातं, शिरखुर्मा जातो, फळं जातात. कुर्बानीचा हिस्सा जात नाही. शेजाऱ्याला जे चालतं तेच द्यायचं, आणि माहीत नसेल तर आधी विचारायचं, हाही पाठाचाच भाग. रिकामं ताट परत पाठवायचं नाही ही रीत त्यांच्याकडेही आहे, आमच्याकडेही. दिवाळीत त्या ताटातून चकल्या येतात आणि माझी मुलं त्या मोजून वाटून घेतात. "ते नमाज पढत नाहीत, तरी आपण का देतो?" असं मुलानं विचारलं तर प्रश्न दाबू नका. आयतीत शेजारी एवढाच शब्द आहे, तो कोणत्या धर्माचा हे तिनं विचारलेलं नाही.

चौथ्या रविवारी त्रास न देण्याचा पाठ. ज्याच्या त्रासापासून शेजारी सुरक्षित नाही तो मोमिन (खरा श्रद्धावान) नाही, असं नबींनी (स.) तीनदा शपथ घेऊन सांगितलंय. मुलांशी बोलताना चेंडू, दुपारचा आरडाओरडा, जिन्यात काढून ठेवलेल्या चपला असं नेमकं बोला.

मकतबात सूरह माऊन पाठ झालेलं मूल असेल तर तिचा शेवटचा शब्द विचारा. माऊन म्हणजे घरोघरी देवघेव होते त्या बारीकसारीक वस्तू: वाटीभर साखर, सुई, शिडी, कुकरची शिट्टी. त्या द्यायला नाही म्हणणाऱ्यांवर ती सूरह नाराज आहे. हे ऐकल्यावर मुलं आपापल्या घरातल्या मागायला आलेल्या वस्तूंची यादी सांगू लागतात आणि वर्ग वेळेवर संपत नाही.

पाचवं पाऊल: मशीद आणि जमात

मुलाला मशिदीत न्या. बोलेल, पळेल, म्हणून घरी ठेवू नका. नबी (स.) नात उमामाला खांद्यावर घेऊन नमाज पढले आहेत, सजद्याला जाताना खाली ठेवायचे, उठताना पुन्हा उचलायचे. मूल रडलं की आईचा जीव कासावीस होईल म्हणून नमाज आटोपती घ्यायचे. उमामा मुलगी होती हे विसरू नका. बायकांची सोय नसेल तिथे बापानं लहान मुलीला सोबत न्यावं. नेताना एवढंच सांगा की नमाज पढणाऱ्याच्या समोरून जायचं नाही आणि हाक मारायची नाही.

तिथं मुलाची माणसांशी ओळख करून द्या. अजान देणारे मोअज्जिन, वजूखाना (नमाजआधी हातपाय धुण्याची जागा) धुणारे चाचा, खुर्चीवर बसून नमाज पढणारे म्हातारे दादा. जमात म्हणजे हीच माणसं, हे तेव्हा कळतं. शिंकणाऱ्यानं अल्हम्दुलिल्लाह म्हटलं की यर्हमुकल्लाह म्हणायचं, आजाऱ्याला बघायला जायचं, वाटेतला काटा किंवा केळीची साल उचलायची, ही लहान कामं एकेका आठवड्यात होऊन जातात. टोपणनावं मात्र लगेच थांबवा. 'जाड्या', 'काळ्या' वर्गात ऐकू आलं की मी बाकी सगळं बाजूला ठेवून सूरह हुजुरातची ११ वी आयत घेते. आणि तिच्या पुढची, पाठीमागे निंदा न करण्याची आयत मी मुलांना सोडून त्यांना न्यायला आलेल्या आयांना सांगते.

दान दाखवायचं असेल तर फितरा घ्या, म्हणजे ईदच्या आधी घरातल्या प्रत्येकाच्या नावानं एक साअ द्यायचं दान. साअ हे जुनं माप चार मुदचं, आणि एक मुद म्हणजे मध्यम हाताच्या माणसाची दोन्ही हातांची भरली ओंजळ. आम्ही कोकणातले बहुतेक शाफई पंथाचे, त्यामुळे रोज खातो तोच तांदूळ देतो; हनफी पंथाच्या घरांत रोख किंमत देण्याची रीत आहे. रमजानच्या शेवटच्या दिवसांत बापानं ओंजळ भरायची, मुलानं मोजायचं. दादीच्या नावाच्या चार, अम्मीच्या चार, काल जन्मलेल्या बाळाच्या नावाच्याही चार. आपल्या नावाच्या चार ओंजळी पडताना मूल पिशवीचं तोंड दोन्ही हातांनी धरून बसतं. ईदच्या नमाजआधी ती पोचली पाहिजे, आणि कुणाच्या घरी गेली ते गल्लीत बोलायचं नाही.

सहावं पाऊल: बाजूचा सोबती, वाटसरू, हाताखालची माणसं

बाजूला बसलेला सोबती म्हणजे मुलासाठी बाकावरचा जोडीदार. वाटसरू म्हणजे एसटीत उभा असलेला माणूस. दोन्ही पाठ प्रवासातच द्या: खिडकीची जागा अर्ध्या वाटेत बदलायची, पाण्याची बाटली आधी शेजारच्याला विचारायची. सगळी उम्मत एका शरीरासारखी आहे ही हदीस या वयात एका वाक्यात सांगून पुढे जा. लांबच्या देशांतली दुःखं आणि टीव्हीवरची दृश्यं चार वर्षांच्या मुलाला पेलत नाहीत.

आयतीतली शेवटची माणसं त्या काळी गुलाम होती. आज आपल्या हाताखाली कोण आहे, ते मुलाला विचारा. आमच्याकडे भांडी घासायला एक मावशी येतात. मुलांनी त्यांना मावशीच म्हणायचं, नुसत्या नावानं हाक मारायची नाही, आणि चहा आपण पितो त्याच कपात द्यायचा. हा पाठ घेताना मी हजरत अनस (र.) यांची गोष्ट सांगते. पोरवयात ते नबींच्या (स.) घरी कामाला लागले आणि दहा वर्षं राहिले. पुढे त्यांनी सांगितलं की त्या दहा वर्षांत नबी (स.) मला एकदाही उफ् म्हणाले नाहीत.

हे ऐकताना एखादं मूल मान वर करतं. उफ् त्याला आठवतो, महिन्यांपूर्वीचा, चप्पल आपटणारा. गेल्या वर्षी एकीनं विचारलं, "म्हणजे मोठ्यांनीपण म्हणायचा नाही?" मोठ्यांनीपण नाही, मी म्हटलं. ती घरी जाऊन आईला हे सांगणार होती, आणि पुढच्या रविवारी तिची आई आम्हाला भेटायला आली.